बदक, कलहंस की राजहंस

१९ मार्च

ही वही इल्लुगीने पक्ष्यांच्या कवट्यांच्या पुढच्या नोंदींसाठी आणून ठेवली होती. पट्टी घेऊन पन्नासेक पानांवर रेघाही मारून ठेवल्यात: क्रमांक, कुठे सापडली, तारीख, ओळख. मी त्या रेघांवरून आडवं लिहिते आहे. त्याला हे मुळीच खपलं नसतं.

नवरा जाऊन नऊ आठवडे झाले. लोक विचारतात कशी आहेस, मी म्हणते बरी आहे. खरं सांगायचं तर मला काही वाटतच नाही. दात काढण्याआधी सुई देतात तेव्हा गाल जसा आपला राहत नाही, तसं सगळं अंगच झालं आहे. जेवते, झोपते, दुपारी रेडिओवर निधनवार्ता ऐकते. रडू येईल म्हणून पहिल्या आठवड्यात एक रुमाल जवळ बाळगला होता. घडी न मोडता तो पुन्हा कुठेतरी ठेवून दिला.

ओर्मुरचा फोन आला होता. मुलगा आपला एकच, आणि तो आकुरेरी शहरात. घर विक आणि माझ्याकडे ये, म्हणाला. उन्हाळ्यानंतर बघू म्हटलं. काहीतरी म्हणायला हवं होतं.

२४ मार्च

ब्रिन्दिस येऊन गेली. सरोवराकाठच्या पक्षी संग्रहालयाचं सगळं हीच बघते, म्हणजे तिकिटं फाडते, काचा पुसते आणि दक्षिणेतल्या, म्हणजे राजधानीतल्या, मोठ्या लोकांना पत्रं लिहिते. तिशीची असेल. चार तळलेले गोड पीळ खाल्ले आणि मग विषयाला आली.

संग्रहालयात नवं काचेचं कपाट येतंय. त्यात इल्लुगीच्या कवट्या मांडायच्या, बदकं, कलहंस आणि राजहंस शेजारी शेजारी, म्हणजे पाहणाऱ्याला फरक कळेल. सतरा जूनला, राष्ट्रीय दिनी, कपाट उघडायचं. पण दक्षिणेतल्या लोकांची अट आहे. प्रत्येक कवटी इल्लुगीच्या वहीतल्या नोंदीशी जुळली पाहिजे आणि ओळख बिनचूक पाहिजे. त्यांच्या लेखी नोंद नसलेलं हाड म्हणजे नुसतं हाड. जुळलं नाही तर सगळा संग्रह शाळांना वाटून टाकायचा, पोरांना हाताळायला. चाळीस वर्षांचं काम दोन हिवाळ्यांत चुरा होईल.

दुसरी गोष्ट राजहंसाची. आपल्याकडची राजहंसाची एकमेव मोठी कवटी सात वर्षांपूर्वी ओर्मुरच्याच हातून पडून फुटली, तिचा आकडा इल्लुगीने दुसऱ्या कवटीला दिला. राजहंसाला कोणी मारत नाही, मेलेला सापडला तर कोल्हा आधी पोचतो. पण वहीतली शेवटची नोंद, दोनशे अकरावी, राजहंसाची आहे: शाळेमागची खाडी, १८ डिसेंबर. पुढे लिहिलंय, 'जमिनीत'. म्हणजे साफ व्हायला पुरून ठेवलेली.

ती शोधून देशील का, आणि बाकीच्या जुळवशील का, असं ब्रिन्दिसने विचारलं. तूच का नाही जुळवत, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "मी पुस्तकातून शिकले, स्वाला. तू त्याच्या टेबलावर बसून शिकलीस."

हो म्हटलं. नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं.

२९ मार्च

शेडमध्ये गेले. चहाच्या खोक्यांत, बुटांच्या खोक्यांत, माझ्या जुन्या टपालपेट्यांत कवट्या. बत्तीस वर्षं मी या गावाचं पोस्ट सांभाळलं, तेव्हा एवढं तरी जमतं: आधी ढीग करायचे, मग गठ्ठे, मग एकेक. आज बेचाळीस जुळल्या. सगळ्या बदकांच्या. प्रत्येकीच्या कपाळाच्या हाडावर त्याने पेन्सिलीने आकडा घातलाय, मुंगीएवढा.

मला वाटलं होतं शेडमध्ये गेल्यावर काही होईल. काही झालं नाही. पाय मात्र गार पडले.

३ एप्रिल

शंभराच्या वर गेले. इल्लुगीने शिकवलेलं हाताला आठवतं. लांबीवर जायचं नाही, रानबदकाची कवटी लांबीला कलहंसाएवढी भरते. चोच कपाळाला भेटते तिथली उंची बघायची. कलहंस गवत उपटून खातो, त्याची चोच आखूड आणि मुळाशी उंच. बदकाची पसरट आणि बसकी. मासे खाणाऱ्या बदकाची मात्र चिमट्यासारखी. राजहंसाची कपाळापासून लांब उतरत जाते आणि सगळी कवटी सतरा सेंटीमीटरच्या आसपास. जबड्याच्या मागे वर वळलेला हाडाचा आकडा तिघांनाही असतो, तो घराण्याचा.

लग्न झाल्यापासून तो न्याहारीला माझी परीक्षा घ्यायचा. डोळे मीट म्हणायचा, हातात कवटी द्यायचा आणि विचारायचा, "बदक, कलहंस की राजहंस?" मग कुठलं बदक, नर की मादी, किती वर्षांचं. बरोबर आलं की "बरोबर" म्हणायचा आणि कॉफी ओतायचा. चुकलं की मी ओतायची. पाच-सहा वर्षांनी मी चुकेनाशी झाले, तेव्हा खेळ आपोआप कमी झाला.

गेल्या वर्षी मात्र पुन्हा भूत चढलं होतं. रोज. कधी दिवसातून दोनदा. आणि शाबासकी द्यायलाही विसरायचा. मी सांगितलं की नुसतं "बरं" म्हणून लिहायला निघून जायचा. म्हातारपणी माणसं चिक्कू होतात असं मी त्याला म्हणायची. नाताळच्या आधी एकदा मी ओर्मुरच्या स्वेटरचे टाके मोजत होते आणि हा वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या नाकाशी आणून, बदक, कलहंस की राजहंस. मी मान वर न करता म्हटलं, राजहंस, आणखी काय असणार. "बरं," म्हणाला आणि गेला. एकशे चौदा टाके पुन्हा मोजावे लागले.

८ एप्रिल

त्याच्या जागेवर खणलं. आमच्या कुंपणापलीकडे जमीन गरम आहे, हिवाळाभर बर्फ धरत नाही. मधोमध उकळती आहे, तिथे सगळ्या घरांची पावाची जागा. राईचं पीठ डब्यात भरून संध्याकाळी पुरायचं, दुसऱ्या दिवशी काळा गोड पाव काढायचा. कडेकडेला मात्र जमीन हाताला सोसेल इतकी कोमट आहे, ती इल्लुगीची. डब्यात पाणी आणि डोकं, सहा आठवडे. मांस आपोआप सुटतं. उकळत्या जागेत ठेवलं तर हाड खडूसारखं होतं, म्हणून तिथे कधी नाही.

कधी नाही म्हणजे एकदाच. ओर्मुर लहान होता तेव्हा डबा चुकीच्या जागी गेला, आणि शेजारच्या थोराने भाचीच्या बारशाला सगळ्या पाहुण्यांसमोर पावाचा डबा उघडला तर आत कलहंसाचं डोकं. पाद्री समोर बसला होता. थोरा वर्षभर इल्लुगीशी बोलली नाही. त्याने तिच्या दारात जाऊन शपथ घेतली की मरेपर्यंत पावाच्या जागेत डोकं ठेवणार नाही.

आज दोन डबे मिळाले, दोनशे नऊ आणि दहा. दोन्ही बदकं. राजहंस नाही. आणि राजहंसाचं डोकं मावेल असा मोठा डबा तर शेडमध्ये खिळ्याला टांगलेला आहे, कोरडा. म्हणजे त्याने बादली वापरली असणार. बादली शोधायला हवी.

१५ एप्रिल

बादली सापडत नाही. कडेची सगळी जागा लोखंडी कांबीने टोचून पाहिली.

डॉक्टर रस्त्यात भेटले. जानेवारीत विचारलेलंच पुन्हा, जरा आडून आडून. इल्लुगी तेच तेच विचारायचा का, वस्तू हरवायचा का. मी सांगितलं, तेच तेच विचारणं हा त्याचा स्वभावच होता. हृदय बंद पडलं असं यांनीच लिहून दिलंय, मग आता कशाला. तो कुंपणाशी फावड्याला टेकून बसलेला सापडला, पायात घरातल्या सपाता. पाव काढून आणतो म्हणून गेला होता. आमचा पाव त्या दिवशी जमिनीत नव्हता. थोराचा काढायला गेला असेल, कामसू होता.

२२ एप्रिल

पंचांगात आज उन्हाळ्याचा पहिला दिवस. खिडकीबाहेर बर्फ पडतोय. थोरा धुरी दिलेला मासा घेऊन आली. उन्हाळ्याच्या शुभेच्छा दिल्या-घेतल्या. मी बादलीचं विचारलं. तिला काही माहीत नव्हतं. तिने उलट सांगितलं की नोव्हेंबरात एका सकाळी इल्लुगी तिच्या दारात उभा होता. स्वाला घरी आहे का, असं विचारलं त्याने.

"मी म्हटलं, तुझ्या घरी असेल की, माझ्याकडे कशाला येईल," थोरा म्हणाली. "तर हसला. मीच त्याला तुमच्या फाटकापर्यंत सोडलं."

त्याला थट्टेची हौस होतीच. थोरा माझ्याकडे बघत बसली, मी मासा कापून घेतला.

६ मे

दोनशे दहा झाल्या. एकही कमी नाही, एकाही आकड्याचा घोळ नाही. ब्रिन्दिसला फोन करून सांगितलं. ती खूश झाली, मग म्हणाली, राजहंस तेवढा बघ. कपाटात मधली जागा त्याचीच ठेवली आहे, मखमलीवर खळगासुद्धा करून घेतला.

गेल्या वर्षीच्या एकोणीस नोंदी मात्र नीट बघवत नाहीत. अक्षर वाकडं, एकाच ओळीत दोनदा तारीख, एका ठिकाणी आमच्याच शेताचं नाव खोडून पुन्हा लिहिलंय. बोटं आखडायची त्याची थंडीत. जूनमध्येही आखडायची म्हणजे कमाल आहे.

१९ मे

शेडच्या भिंतीत त्याने एक भोक ठेवलंय, घरबदकांसाठी. रानातलीच ती, पण भिंतीच्या भोकात अंडी घालायची त्यांची रीत. आज एक मादी आत आली, टेबलावर तिच्याच जातीच्या अकरा कवट्या मांडल्या होत्या, त्यांच्यावरून चालत गेली आणि पेटीत बसली. मी हातातलं काम तसंच धरून उभी राहिले. तेवढा वेळ बरं वाटलं.

२ जून

अंडी गोळा केली. काठावरच्या प्रत्येक घरट्यात चार ठेवायची आणि वरची घ्यायची, ही इथली जुनी रीत. चारच्या खाली गेलं की मादी परत येत नाही म्हणतात. दरवर्षी मी काढायची आणि इल्लुगी मोजायचा. गेल्या वर्षी त्याने मला एका घरट्यापाशी तीनदा विचारलं, किती ठेवली. तिसऱ्यांदा मी त्याच्यावर ओरडले. चिलटांनी डोळे भरले होते, माझं डोकं फिरलं होतं.

आज एकटीनेच मोजली. चिलटं तेवढीच आहेत.

९ जून

बादली नव्हतीच.

थोरा सकाळी आली, हातात चिखलाने माखलेला डबा, अंगापासून लांब धरलेला. सतरा तारखेच्या पावासाठी जागा खणत होती, हा उकळत्या भागात मिळाला, तिच्या जागेला लागून. "या खेपेला मी उघडलेला नाही," म्हणाली. "शिकले मी."

छोटा डबा. बदकाला किंवा कलहंसाला वापरायचा तसा. मी सांगितलं की हा आपला नाहीच, इल्लुगीने शपथ घेतली होती. मोरीत पाणी ओतून झाकण काढलं. आत पत्र्याचा तुकडा होता, खिळ्याने अक्षरं कोरलेली, त्याचीच: २११, राजहंस. आणि एक कवटी, पाच-सहा महिने उकळून खडूसारखी झालेली. चोचीचं टोक हात लावताच झडलं.

मोजायची गरज नव्हती तरी मोजली. साडेअकरा. चोच आखूड, मुळाशी उंच. सहा वर्षांच्या पोरालाही सांगता येईल, हा कलहंस आहे.

थोराला म्हटलं की इल्लुगी जन्मात असं चुकणार नाही. राजहंस आणि कलहंस. झोपेत विचारलं तरी चुकणार नाही.

"नाही चुकणार," थोरा म्हणाली. "पूर्वीचा इल्लुगी."

ती गेल्यावर डबा घासला. पत्र्याला खाली वर्तमानपत्राचा लगदा चिकटला होता. चमच्याने खरवडला. शब्दकोड्याचं पान होतं.

नंतर बराच वेळ मोरीपाशीच उभी होते. एकशे चौदा टाके. मी मान वर केली नव्हती.

१० जून

ओर्मुरला फोन केला. तुला माहीत होतं का, एवढंच विचारलं. म्हणाला, गेल्या वर्षीच्या मार्चपासून बाबा त्याला फोन करून पक्ष्यांची नावं विचारायचा. ओर्मुर त्याला सांगायचा, मला माहीत नाही, आईला विचार.

"मला वाटलं तुला माहीत आहे, आई," तो म्हणाला. "तू इतकी सहज उत्तरं द्यायचीस त्याला. मला वाटलं, तुम्ही दोघांनी मिळून तसं ठरवलंय."

मी सांगितलं की मला वाटायचं तो परीक्षा घेतोय.

त्यानंतर बराच वेळ फोन कोणी ठेवला नाही. पोस्टात असताना मी लोकांना असे फोन अडवू द्यायची नाही.

११ जून

आता लिहूनच काढते. ते वर्तमानपत्र त्याने उघडलं तेव्हा आत काय आहे ते त्याला दिसत होतं. वाळलेलं का असेना, कलहंसाचं डोकं होतं. चाळीस वर्षं पाहिलेलं. तरी त्याने माझा शब्द लिहिला, आपल्या डोळ्यांना खोटं पाडून. मी कधी चुकत नव्हते ना.

मला याचं वाईट वाटायला हवं. वाटतंय की नाही ते कळत नाही.

दुसरंही एक लिहायला हवं. काल रात्री ठरवलं होतं की कवटी चुरून टाकावी. नुसत्या मुठीने झाली असती. ब्रिन्दिसला सांगायचं, राजहंस सापडला नाही. दोनशे दहा बिनचूक, एक हरवली, कपाट उघडलं असतं, इल्लुगीचं नाव राहिलं असतं. खरं सांगितलं तर दक्षिणेतले लोक विचारणार, एक चुकली तर बाकीच्या कशावरून नाहीत. आणि मग सगळंच शाळेत.

सकाळी कवटी होती तिथेच होती. चुरली नाही. का, ते माहीत नाही. त्याने राजहंस म्हणून जपलेली होती म्हणून असेल.

१३ जून

दोन दिवस गेल्या वर्षीच्या बाकीच्या अठरा कवट्या घेऊन बसले. आधी डोळे मिटून, मग उघडून, मग मापं घेऊन, मग पुस्तकातल्या चित्रांशी. सोळा बदकं, दोन कलहंस. डोळ्यांवरच्या हाडात मिठाच्या ग्रंथींचे खळगे आहेत का, जबड्याची रुंदी किती, सगळं. एकही चूक नाही. अठराच्या अठरा बरोबर, कारण त्या वेळी मी हातात घेऊन बघितलं होतं. म्हणजे वर्षभर त्याचं काम मीच करत होते आणि तो मला कळू न देता लिहीत होता.

तो घाबरला असेल. रोज सकाळी आपल्याच संग्रहातली कवटी हातात घेऊन, ही कसली, असं बायकोला विचारायचं आणि खेळाचं सोंग करायचं. एकदा तरी तोंडाने सांगायचं होतं त्याने. मी त्याला चिक्कू म्हटलं. मला त्याचा राग येतोय. पाच महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी येतंय तर राग.

१४ जून

ब्रिन्दिसकडे गेले. सगळं टेबलावर ठेवलं: वही, अठरा कवट्या, पत्रा आणि कापसात ती खडूची कवटी. गोष्ट सांगितली, टाके मोजण्यासकट. ती ऐकताना चष्मा पुसत होती, पुसून झाल्यावरही पुसत होती.

मी म्हटलं की हवं तर शाळांना वाटून टाका, पण खोटं नको.

ती म्हणाली, वाटायचं कशाला. चिठ्ठीवर ओळखणाऱ्याचं नाव लिहायचा रकाना असतोच. एकशे ब्याण्णव कवट्यांवर इल्लुगीचं येईल. गेल्या वर्षीच्या एकोणिसांवर खरं ज्याचं आहे त्याचं. दक्षिणेत ती तसं कळवेल, आणि मी घेतलेली मापंही पाठवेल. ओळखणारा दुसरा असला तर त्यांचं काही बिघडत नाही. न सांगितलेला असला तर बिघडतं.

"राजहंसाची जागा मात्र रिकामीच राहणार," ती म्हणाली. "मी खळगा बुजवून घेते."

मी म्हटलं नको. तिथे ही ठेव.

ती म्हणाली की ती कलहंस आहे, आणि मोडकी आहे. मला ते माहीत होतं. चिठ्ठी मीच लिहिणार म्हटलं. ब्रिन्दिसने वाचली, शेवटची ओळ चिठ्ठीवर घालत नाहीत म्हणाली. मग मी कवटी परत उचलली तसा तिने माझा हात धरला आणि घालू म्हणाली.

१६ जून

दक्षिणेतून फोन आला होता म्हणे. मापं पटली. संग्रह राहतोय.

१७ जून

थंडी, वारा, झेंडे आणि भाषणं. ओर्मुर आकुरेरीहून आला, नवा स्वेटर घालून. गावातलं एकूण एक माणूस कपाटापुढे उभं राहिलं. बदकांची रांग, कलहंसांची रांग, आणि मधे मोठ्या खळग्यात ती एवढीशी कवटी. लोक वाकून बघत होते, काहींना चूक वाटली. थोराने चिठ्ठी मोठ्याने वाचायला घेतली आणि शेवटी तिचा आवाज खाली आला:

क्रमांक २११. शाळेमागची खाडी. १८ डिसेंबर. कलहंस. ठेवणारा: इल्लुगी. ओळख: स्वाला. विचारलं तेव्हा मी पाहिलं नव्हतं.

थोराने माझं कोपर धरलं आणि पाव खायला नेलं. पाव चांगला झाला होता.

ओर्मुर सहाला परत गेला. घर विकायचं त्याने काढलं नाही, मीही काढलं नाही. मग इल्लुगीच्या खुर्चीसमोर बसले, डोळे मिटले आणि हात टेबलावर पुढे ठेवला. कलहंस, असं म्हटलं. जरा मोठ्याने. बरोबर की चूक ते सांगायला कोणी नव्हतं. गेलं वर्षभर तसं कोणी नव्हतंच, मी उगाच वाट बघत होते.

त्यानंतर रुमाल शोधायला उठले. कुठे ठेवलाय ते आठवेना, टेबल पुसायचं फडकंच घेतलं.